खुशाल पेंटरचं जंगल

परतवाड्याच्या बाजारात एक काळ असा होता, की मान वर केली की खुशालराव मेहऱ्यांचं अक्षर दिसायचं. किराणा दुकान असो, दाताचा दवाखाना असो की लाकडाची आरा मशीन, बोर्ड त्यांनीच रंगवलेला. आणि प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पिवळ्या अक्षरांत काळी सावली देऊन लिहिलेलं असायचं, ‘खुशाल पेंटर, परतवाडा’. पुढे मोबाइल आले तेव्हा त्याखाली नंबरही आला. काम पुरं झालं, की शिडीवरून उतरण्याआधी शेवटचे चार फटकारे या नावाचे. त्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही बोर्ड दुकानदाराच्या हवाली केला नाही.

लोकांना वाटायचं, माणूस नावाचा हौशी आहे. खुशालराव म्हणायचे, “नाव मिरवाले नसते टाकत. उद्या बोर्ड सुटून कोनाच्या डोक्शावर पडला, तं त्यानं शिव्या कोनाले देवाव? मानसाले पत्ता पाह्यजे ना.”

घरचा धंदा खरा फुलांचा. भाऊ झेंडू आणि शेवंती लावायचे, हे गावभर रंगाचे डबे घेऊन फिरायचे. घरात त्यांना ‘बिनकामाचा’ हेच नाव होतं. फुलांची बाजू बायकोने, जयवंताबाईंनी सांभाळली. पहाटे उठून हार गुंफायचे आणि सात वाजता दुकान मांडायचं. फ्लेक्सचं यंत्र आलं आणि दोन तासांत बोर्ड निघू लागला, तेव्हा हेच हार घराला पुरून उरले. खुशालरावांनी कोणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. गाड्यांच्या नंबर प्लेटा केल्या, लग्नघराच्या भिंतीवर गणपती आणि केळीचे खांब काढले, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर बाराखडी काढली.

आणि बर्फ काढला. ढाबेवाले, लॉजवाले, फोटो स्टुडिओवाले, सगळ्यांना भिंतीवर बर्फाचंच जंगल हवं असायचं. बर्फ खुशालरावांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर असताना हा माणूस शिडीवर उभा राहून देवदारांवर पांढरा रंग टाकायचा, आणि खाली बसलेली गिऱ्हाइकं त्याकडे बघत लस्सी प्यायची.

रागिणी ही त्यांची एकुलती मुलगी. लहानपणी शिरोरेषा मारायला बापाला मदत करायची, दोरीला खडू लावून फळीवर आडवी रेघ मारायची. अक्षर तिचंही सुरेख होतं. पण आठवीत असताना एकदा बाईंनी वडिलांचा व्यवसाय विचारला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘खुशाल पेंटर, परतवाडा’ असं अगदी बोर्डावरच्या थाटात म्हटलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने ब्रश हातात घेतला नाही. शिकली मात्र झपाटून. अमरावतीला एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली आणि यशोधनशी लग्न केलं. यशोधन वकील, त्याचे वडील वकील, आजोबाही वकील. त्या घरात सोनेरी अक्षरांच्या कायद्याच्या पुस्तकांचं कपाट होतं. कोणी तिला एका शब्दाने काही म्हणालं नाही. पण ज्याच्या मनात चांदणं नाही त्याला पौर्णिमेलाही अंधारच दिसतो, तसं तिचं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात खुशालरावांना मेळघाटात, सेमाडोहच्या पलीकडच्या एका गावात शाळेच्या भिंती रंगवायचं काम मिळालं. आठ दिवस ते शाळेच्या खोलीतच झोपले. रात्री घोंगडीत घोंगडी घातली तरी थंडी हाडात शिरायची, म्हणून पहाटेच उठून बाहेर पडायचे. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं असायचं. दरीत धुकं आणि सागाची मोठी तांबूस पानं कानासारखी खाली लोंबलेली. पन्नास वर्षं परतवाड्यात राहून, मेळघाटाच्या दारात बसून, त्यांनी हिवाळ्यातलं जंगल असं उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं. ज्याने त्याने बर्फ मागितला आणि त्यांनी बर्फ दिला.

घरी येऊन त्यांनी चार फूट बाय तीन फुटांचा प्लायवूड घासून घेतला. दोन महिने दुसरं काम घेतलं नाही. जयवंताबाई म्हणाल्या, “कोनाची ऑर्डर हाय?” ते म्हणाले, “कोनाची नाई.” जयवंताबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा हार गुंफायला बसल्या.

चित्रात बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं. सूर्य नाही, हरीण नाही, झोपडी नाही. सागाची झाडं, त्यांच्यामधून जाणारी पायवाट, कडेला पांढुरकं गवत, आणि मधोमध एक पांढऱ्या सालीचं, एकही पान नसलेलं झाड, ज्याला तिकडे भुताचं झाड म्हणतात. बाकी सगळं धुकं. पण बघणाऱ्याला अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटायचं. उजव्या कोपऱ्यात, त्या पांढुरक्या गवतावर, पिवळ्या अक्षरांत काळी सावली देऊन नाव होतं, आणि खाली दहा आकडी नंबर.

वैशाखात रागिणी-यशोधनच्या अमरावतीतल्या, कॅम्प भागातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. खुशालराव ते चित्र जुन्या चादरीत गुंडाळून, जीपच्या टपावर बांधून घेऊन आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः उचलून आणलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. चादर सोडली आणि ते रागिणीला म्हणाले, “माय, हे तुयासाठी. जिनगीत पयल्यांदा कोनी न सांगता काढलं.”

सगळे जवळ आले. सासूबाई म्हणाल्या, “किती शांत वाटतं हो बघून.” यशोधनने खाली बसून नीट पाहिलं. त्याच्या एका चुलतभावाने नंबर मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “वा, काकांनी कॉन्टॅक्टही दिलाय.” तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता. दोघंतिघं हसले, खुशालरावही हसले. फक्त रागिणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला आठवीतला तो वर्ग आठवला. तिला वाटलं, या घरातही आता भिंतीवर बोर्ड लागणार.

पंधरा दिवसांनी ती चित्र रिक्षात घालून नितेशच्या फ्रेमच्या दुकानात घेऊन गेली. म्हणाली, “खालचं हे नाव फ्रेमच्या आत झाकलं जाईल असं करा.” नितेशने मान डोलावली. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये असताना त्याचा फोन आला.

“मॅडम, फ्रेम पाव इंचच झाकते. नाव तीन इंचाचं आहे. झाकल्या नाही जात, कापाव लागते.”

टेबलाच्या पलीकडे दोन सहकारी डबा खात होते. रागिणी म्हणाली, “बघा तुम्ही. जसं बरं दिसेल तसं करा.”

कापा असं तिने म्हटलं नाही. कापू नका असंही म्हटलं नाही. पुढे कित्येक दिवस ती मनाशी हेच घोळवत राहिली, की आपण कुठे कापायला सांगितलं. पण आपल्याशीच वकिली करून माणूस किती दिवस सुटणार? करवत नितेशने चालवली, हात तिचा होता.

चित्र हॉलमध्ये लागलं. छान दिसत होतं, हे आणखी वाईट. यशोधनने एकदा विचारलं, “खालचं नाव कुठे गेलं ग?” ती म्हणाली, “फ्रेममध्ये गेलं.” त्याने विश्वास ठेवला. येणारा-जाणारा चित्रापुढे थांबायचा. कोणाचं म्हणून विचारायचा. पहिल्यांदा तिच्या तोंडून निघून गेलं, “चिखलदऱ्याला घेतलं, एका प्रदर्शनात.” एकदा निघालेलं मग दुसऱ्यांदा सहज निघालं. पन्नास किलोमीटरवरचा बाप आठ महिन्यांत एकदाही घरी आला नाही, आणि तिनेही या म्हटलं नाही.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, खुशालराव न सांगता आले. मोतीबिंदू दाखवायला अमरावतीच्या डॉक्टरकडे आले होते. पिशवीत तुरीच्या शेंगा आणि जयवंताबाईंनी दिलेला शेवंतीचा हार होता. रागिणी चहा टाकायला आत गेली आणि दारातून तिने पाहिलं, बाप चित्रासमोर उभा होता. त्यांनी चष्मा काढला. डोळे बारीक करून उजव्या कोपऱ्याशी गेले. फ्रेमच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. पायवाट जिथे सुरू व्हायची ती जागाच आता नव्हती. बोर्ड कुठे कापला हे बोर्डवाल्याला सांगावं लागत नाही.

ती चहा घेऊन आली तेव्हा ते दाराजवळच्या खुर्चीत, चपलांच्या रॅकशेजारी बसले होते. म्हणाले, “साखर कमी टाकली ना?” तिने हो म्हटलं.

तेवढ्यात बेल वाजली. यशोधनचे सीनिअर शेषराव वकील आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दारात उभे होते. यशोधन त्यांच्याबरोबरच आला होता, पण खाली गाडीला जागा शोधत होता. रागिणीने ओळख करून दिली, “हे माझे वडील.” खुशालराव उठून उभे राहिले आणि हात जोडले. “परतवाड्याचा खुशाल पेंटर. बोर्ड रंगवतो.”

सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला. “अहो, माझं माहेर अचलपूरचं! तुमची अक्षरं वाचत वाचत तर आम्ही शाळेत जायचो.”

शेषराव वकील मात्र चित्रापाशी जाऊन थांबले होते. बराच वेळ हात मागे बांधून पाहत राहिले. मग म्हणाले, “हा माणूस तिथे उभा राहिलेला आहे. थंडीत कुडकुडलेला आहे. घरात बसून असं येत नाही.” आणि वळून विचारलं, “कोणाचं हो हे?”

सत्यभामाबाई म्हणाल्या, “रागिणी म्हणाली होती ना मागे, चिखलदऱ्याला घेतलं म्हणून. चित्रकार कोण ग?”

रागिणीने तोंड उघडलं. बाप समोर, हातात चहाची बशी. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला सोसलं असतं. लहानपणी ती शिडीखाली उभी राहून रंगाचा डबा सांडायची आणि ते दुकानदाराला ‘माहाच धक्का लागला’ म्हणायचे, तेव्हा जसं पाहायचे तसं पाहिलं.

“असन जी कोनी मोठा आर्टिस्ट,” खुशालराव म्हणाले. “आमच्यासारख्या बोर्डवाल्याच्या हातचं काम नाई हे.”

आणि बशीतला चहा प्यायले. उभ्या आयुष्यात त्यांच्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी त्यांच्यासमोर होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याच्या पानात वाढून टाकली. यशोधन वर येईपर्यंत विषय तुरीच्या शेंगांवर गेला होता.

तिने त्यांना स्टँडवर सोडलं. रिक्षात ती चारदा “बाबा” म्हणाली आणि चारदा पुढचं वाक्य गिळलं. गाडीत चढताना तेच म्हणाले, “फ्रेम चांगली बसवली हो. मिस्त्री हुशार आहे.” गाडी सुटली. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं, पण स्टँडवर डांबर होतं आणि मागून रिक्षावाला पैशासाठी ओरडत होता.

त्या रात्रीपासून तिला हॉलमध्ये बसवेना. जेवताना पाठ चित्राकडे करायची. शेवटी ठरवलं, सांगून टाकायचं. ज्यांच्यासमोर बापाने स्वतःला नाकारलं, त्यांच्याचसमोर सांगायचं.

आठवड्याने सत्यभामाबाईंकडे हळदीकुंकू होतं. दहाबारा बायका, तिळगूळ, स्टीलच्या वाट्यांचं वाण. सत्यभामाबाईंनी कुंकू लावलं तेव्हा रागिणी एका दमात म्हणाली, “काकू, ते आमच्या हॉलमधलं चित्र माझ्या वडिलांनी काढलंय.”

सत्यभामाबाई हसल्या. मायेने हसल्या, त्यानेच घात झाला. “अग, ते स्वतः म्हणाले ना आपलं नाही म्हणून. बापाला मोठं करावंसं वाटतं मुलीला, कळतं मला. पण खुशाल पेंटर सही केल्याशिवाय शिडीवरून उतरत नसे, हे आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल. तुझ्या चित्रावर सही कुठे आहे?”

उत्तर दोन शब्दांचं होतं. मी कापली. बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. एक तर म्हणाली, “गुणाची आहे पोर.” रागिणीने मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं ती लाजली. ती वाण घेऊन घरी आली. खोटं बोलून झालं होतं, आता खरं बोलूनही तिने शाबासकीच खिशात घातली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती नितेशच्या दुकानात गेली. “ती कापलेली पट्टी आहे का हो?”

नितेशने डोकं खाजवलं. “मॅडम, आठ महिने झाले.” मग त्याची नजर कोपऱ्यातल्या फेविकॉलच्या डब्याकडे गेली. पट्टी डब्यातच उभी होती. नितेश त्या पट्टीने फेविकॉल ढवळायचा. एक टोक वाळलेल्या फेविकॉलने जाडजूड झालं होतं, त्याच्या खाली ‘परतवाडा’ मधला ‘डा’ अर्धा बुडाला होता. नंबर शाबूत होता.

तिने दुकानाच्या पायरीवर बसून, पर्समधल्या नेलकटरच्या पात्याने फेविकॉल खरवडला. दीड तास लागला. कुठे रंगही निघाला. पिवळ्याखालून प्लायवूड दिसायला लागलं.

“जोडून द्या,” ती म्हणाली.

“सांधा दिसन मॅडम. करवतीत थोडं लाकूड गेलं आहे. पायवाट जुळणार नाही.”

“दिसू द्या.”

बापाला तिने काही कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार? यशोधनला मात्र सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, “मला सांगायचंस तरी.” त्या एवढ्या बोलण्याने तिला जितकं लागलं तितकं भांडण्याने लागलं नसतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठेवलं. सत्यभामाबाईंना आग्रहाने बोलावलं. त्या आल्या, बसल्या, आणि समोर नजर गेली तशा उठल्या. चित्राच्या तळाशी आडवी भेग होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायवाट भेगेपाशी तुटून बोटभर डावीकडे सरकली होती. खाली खरवडलेली पिवळी अक्षरं होती.

“हे असं कसं ग झालं?”

शेजारच्या तीन बायकाही बघत होत्या. रागिणीने हातातली हळदीकुंकवाची कोयरी खाली ठेवली. ती म्हणाली, “मी कापायला लावलं होतं, काकू. हे माझ्या वडिलांचं नाव आहे. मला त्याची लाज वाटत होती. त्या दिवशी ते खोटं बोलले ते माझं खोटं झाकायला.”

मागच्या हळदीकुंकवात ‘गुणाची पोर’ म्हणालेली बाईही आली होती, ती पदर सारखा करत राहिली. आपण सांगितलं की हलकं वाटेल असं रागिणीला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. उलट आता ते सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

सत्यभामाबाईंनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि चित्रावरचा नंबर वाचत एकेक आकडा दाबला. रागिणी म्हणाली, “काकू, नको.” त्यांनी ऐकलं नाही. फोन स्पीकरवर टाकला. दोनदा वाजला आणि पलीकडून, फ्लेक्स येण्याआधीच्या काळात यायचा तसाच, खणखणीत आवाज आला.

“खुशाल पेंटर, परतवाडा. बोला.”

“मी सत्यभामा, शेषराव वकिलांकडची. त्या दिवशी रागिणीकडे भेटलो आपण. तिच्याकडचं ते थंडीतलं जंगल, खुशालराव, खरं सांगा, ते तुमच्या हातचं आहे का?”

फोनमधून बाजाराचा आवाज येत होता. कोणीतरी जयवंताबाईंना हाराचा भाव विचारत होतं. सत्यभामाबाईंना वाटलं फोन कटला, त्यांनी तो कानाजवळ नेला. मग खुशालरावांचा आवाज आला, खाली आलेला, सावध.

“बाई, पयले तुमी सांगा,” ते म्हणाले. “रागिणी काय म्हनते?”